उद्या सकाळीच द्यायचंय!

रात्री साडेनऊला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं की उरलेल्या अर्ध्यातून वाकून जी माणसं आत शिरतात ती चोर नसतात, पालक असतात. चोर निदान दिवसा येऊन जागा बघून जातो. पालकाला रात्री सव्वानऊपर्यंत पत्ताच नसतो, की उद्या सकाळी आठला आपल्या चिरंजीवांनी एक मोर, मोराच्या डोक्यावर एक ढग आणि पायाशी एक बेडूक, सगळं स्वहस्ते करून, शाळेत हजर करायचं आहे.

"काका, मोरपंखी कार्डशीट आहे?"

"आहे."

"क्रेप?"

"आहे."

"आणि ते हलणारे डोळे?"

"मोठे देऊ का बारीक?"

"मोराचे केवढे असतात हो?"

डोंबिवली पूर्वेला माझं स्टेशनरीचं दुकान आहे. आजूबाजूला बालवाड्या इतक्या, की एकीतलं रडणं दुसरीतल्या प्रार्थनेत मिसळतं. त्यामुळे धंद्याला बरकत आहे हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी पालकांना जे काय हसणार आहे, ते गल्ल्यावर बसूनच.

यातला सगळ्यात करुण प्रकार म्हणजे कर्जत फास्टमधून उतरून थेट माझ्याकडे आलेले वडील. पाठीला सॅक, चेहऱ्यावर दादर ते डोंबिवली उभ्याने केलेला प्रवास, आणि हातात व्हिडिओ कॉल लावलेला फोन. फोनमध्ये बायको.

"हा बघ आकाशी."

"तो आकाशी नाहीये. फिरोजी आहे."

"काका म्हणतायत आकाशी आहे."

"काकांना विचार, जरा फिकट आहे का."

मी फिकट काढून देतो. तो ट्यूबलाइटखाली धरला जातो, मग मोबाइलच्या उजेडात, मग रस्त्यावर जाऊन रिक्षाच्या दिव्यात. शेवटी वडिलांना सुचतं, की ज्याच्यासाठी हे चाललंय त्यालाच विचारावं. फोनमध्ये एक झोपाळू चेहरा येतो. "बाळा, तुला ढगाला कुठला रंग हवा?"

"लाल."

फोन तत्काळ आईकडे जातो आणि बाळाचं मत इतिवृत्तात घेतलं जात नाही.

माझं पंचांग शाळेच्या डायरीवर चालतं. आषाढीला पताका, पुठ्ठ्याचे टाळ आणि वर्गातल्या तमाम विठोबांसाठी काळा वेल्वेट पेपर. राखीला गोंडे आणि सॅटिनची रिबीन. गणपतीत शाडू. दिवाळीला कंदिलाचा घोटीव कागद, कामट्या आणि शेपट्यांसाठी जिलेटिन. नाताळात सांताक्लॉजची दाढी. त्या आठवड्यात शेजारच्या मेडिकलवाल्याकडे जखमेला लावायला कापूस मिळत नाही. संक्रांतीला पतंग. सण संपले की रंगांचे दिवस. पिवळ्या दिवशी आंबा, हिरव्या दिवशी पोपट. तपकिरी दिवशी काय करायचं ते शाळेलाही ठाऊक नसतं, म्हणून त्या दिवशी सगळ्या आया झाडाचं खोड करतात. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. तेव्हापासून अत्यंत सभ्य घरातल्या बायका काउंटरवर ओणवून, आजूबाजूला बघून, दबक्या आवाजात विचारतात, "ते पांढरं आहे का हो?"

एवढी धावपळ कशासाठी, ते शाळेच्या सूचनेत तळाशी बारीक अक्षरात असतं: मुलांच्या हातातल्या लहान स्नायूंच्या विकासासाठी. हा विकास साधारण रात्री अकरा ते एक या वेळात होतो. मूल तेव्हा गाढ झोपलेलं असतं. आईच्या स्नायूंचा मात्र चांगला होतो. या भागात अशा आया आहेत, की ज्या तीन मिलिमीटरची टिकली नखावर उचलून बेडकाच्या डोळ्यात बसवतात आणि श्वाससुद्धा सोडत नाहीत.

आता माझ्या संकटाकडे येतो. माझी बायको बालवाडीत शिकवून निवृत्त झाली. घरी बसून काय करायचं, म्हणून तिने दुपारी दुकान सांभाळावं असं आम्ही दोघांनी ठरवलं. मला वामकुक्षी मिळाली आणि गल्ल्यालाही मिळाली. कारण बायको काउंटरवर असली की माल विकला जात नाही. ती गिऱ्हाइकांना शिकवते.

बोटांच्या व्यायामाचं एक खोकं येतं, साडेचारशे रुपयांचं. त्यात लाकडी मणी, ओवायला नाडी, एक चिमटा, उचलायला लोकरीचे गोंडे आणि रंगीत माती. वरती एका गोऱ्या बाळाचं चित्र. ते बाळ इतकं स्वच्छ आहे, की त्याने खोक्यातल्या कशालाही हात लावलेला नाही हे उघड दिसतं. दर्शनी भागात मी ते मांडून ठेवतो. एकदा मी डोळे चोळत दुकानात आलो तेव्हा बायकोने ते एका आईसमोर उघडून ठेवलं होतं आणि एकेक वस्तू बाहेर काढून निकालात काढत होती.

"मणी कशाला? राजमा आणि छोले एकत्र करून द्या, म्हणावं वेगळे कर. चिमटा तर तुमच्या दोरीवर लटकतोय. तो दाबून सॉक्स वाळत घालायला सांगा. माती विकत कशाला? रोज कणीक मळताच ना? एक गोळा द्या. आणि मटारच्या दिवसांत मटार."

"पण बाई, ते सोललेले मटार..."

"निम्मे खाईल. खाऊ दे. समोर बसा फक्त. नाकात घालतात."

त्या बाई खोकं तिथेच ठेवून, माझ्या दुकानातून एक रुपयाचंही काही न घेता, मला नमस्कार करून गेल्या. दोन दिवसांनी आल्या त्या थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून. छोला नाकात गेला होता.

बायको म्हणाली, "समोर बसा म्हणून सांगितलं होतं मी."

"समोरच होते हो! मी तिचा मोर चिकटवत होते."

डॉक्टरांची फी ऐकल्यावर साडेचारशेचं खोकं कसं परवडतं, हे मी बायकोला नजरेने सांगायचा प्रयत्न केला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती त्या मुलीकडे बघत होती.

मुलगी असेल चारेक वर्षांची. आई आणि बायको यांचं छोल्यावर बोलणं चाललं होतं तेवढ्यात ती खोडरबरांच्या बरणीजवळ पोचली होती. माझ्या दुकानात प्रत्येक वस्तूवर किमतीचं बारीक पांढरं लेबल असतं, मशीनने मारलेलं. ते निघता निघत नाही. गिऱ्हाइकाला भेट द्यायची असली की मीच नखाने खरवडून, थुंकी लावून थकतो. त्या मुलीने एक खोडरबर डाव्या मुठीत घट्ट धरलं. उजव्या अंगठ्याच्या नखाने लेबलाचा एक कोपरा शोधला. तो निसटला. पुन्हा शोधला. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती आणि नखाबरोबर हलत होती. कोपरा उचलला गेल्यावर तिने तर्जनी खाली सरकवली, अंगठा वर, आणि श्वास रोखून लेबल न फाटता अख्खं सोलून काढलं. मग ते बोटाला चिकटलं. दुसऱ्या बोटाने काढलं, तर दुसऱ्याला चिकटलं. शेवटी तिने ते काउंटरच्या काचेवर आधीच्या लेबलांच्या रांगेत नीट लावून टाकलं. आधीची रांग वीतभर लांब होती.

मी पुढे झालो. बायकोने माझा सदरा मागून धरला.

"अगं, किमती..."

"गप्प बसा. चिमटी बघा काय सुंदर धरतेय!"

आईचं लक्ष आत्ता गेलं. तिने पोरीला मागे खेचलं, माझी माफी मागितली आणि बायकोला कळकळीने म्हणाली, "बघा ना बाई, ही अशी. हाताला काही वळणच नाही."

खोडरबरांवर पाच, आठ आणि बारा अशा तीन किमती होत्या. कुठलं कितीचं ते आजतागायत कळलेलं नाही. सरसकट पाचला विकतो.

एक वडील तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आले. त्यांना दुरेघी वही हवी होती आणि मुलगा 'अ' गिरवताना रडतो म्हणून चांगल्या पकडीची पेन्सिल. मी तीन प्रकारच्या पेन्सिली पुढे ठेवल्या. इतक्यात आमच्या बाई मागून आल्या आणि मुलाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मनगटात आठ हाडं असतात. जन्मताना एक्स-रे काढला तर त्यातलं एकही दिसत नाही. सगळी नुसती कूर्चा. एकेक करत वर्षानुवर्षं तयार होतात. शेवटचं दिसायला मूल आठ-नऊ वर्षांचं तरी व्हावं लागतं, कधी बारा."

वडील घाबरले. "मग कॅल्शियम सुरू करू का?"

"नको हो. वही बंद करा. भिंतीला जुनं कॅलेंडर उलटं लावा आणि जाडा खडू द्या. उभ्याने रेघोट्या मारू दे."

पेन्सिली मी परत बरणीत ठेवल्या. जुनं कॅलेंडर मी विकत नाही. ते जानेवारीत फुकट वाटतो.

बायकोचं ज्ञान दांडगं आहे आणि ते माझ्या विरोधात वापरलं जातं. मी कधी म्हटलं, की अगं, हा कागद-कात्री-गोंदाचा व्यवसाय मुलांच्या भल्याचाच आहे, तर ती फ्रोबेलपासून सुरू करते. या जर्मन गृहस्थांनी १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली, १८४० साली तिला किंडरगार्टन हे नाव दिलं, आणि मुलांना कागदाच्या घड्या घालायला, पट्ट्या विणायला, टोचून नक्षी करायला, माती मळायला बसवलं. म्हणजे आमच्या धंद्याचे मूळ पुरुष. मी त्यांचा फोटो दुकानात लावायला तयार होतो. पण पुढे तिने सांगितलं, की १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदीच घातली. हे नास्तिकांचं आणि समाजवाद्यांचं काम आहे असा संशय. बंदी उठली १८६० साली. लोक या गोष्टीतून शिक्षणाचा इतिहास शिकतात. माझ्या मनात एकच आलं, त्या नऊ वर्षांत तिथल्या स्टेशनरीवाल्यांनी घोटीव कागदाच्या साठ्याचं काय केलं असेल?

मॉन्टेसरीबाईंचंही तसंच. १९०७ साली त्यांनी रोममध्ये पहिलं बालघर काढलं. मुलांची बोटं तयार व्हावीत म्हणून बटणांच्या, नाड्यांच्या, हुकांच्या लाकडी चौकटी केल्या. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धात इथेच अडकल्या. या चौकटींचा संच आजही मिळतो, किंमत बरी असते, आणि मी एक मागवून ठेवलाही होता. बायकोने तो बघितला आणि मला विचारलं, "अहो, तुमच्या सदऱ्याला बटणं किती?" तेव्हापासून नातू आला की माझा सदरा उघडतो आणि लावतो. मी वामकुक्षीत असतो. परवा उठून तसाच दुकानात गेलो, तर सगळी बटणं एक घर सोडून लागलेली होती. गिऱ्हाईक काही बोललं नाही. काकांचं वय झालं असं समजलं असेल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव निघालं, की मात्र मी हार मानतो. बोर्डीला ताराबाईंनी १९४५ साली काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांतली मुलं. महागडं साहित्य कुठून आणायचं? तिथेच पडलेले शंखशिंपले, बिया, खडे, पानं, माती, तेच मांडलं आणि त्यावरच बालवाडी चालवली. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. एवढं थोर काम, आणि त्यात स्टेशनरी दुकानदाराला काडीचा वाव नाही. मी मनातल्या मनात हात जोडतो आणि विषय बदलतो.

आमच्या आई तर त्याच्याही पुढच्या. त्यांना हा सारा प्रकार समजावून सांगितला, की हल्ली मुलांची बोटं तयार करायला शाळेत वर्ग घेतात. त्या म्हणाल्या, "का? घरात लग्नं होत नाहीत का?" लग्नाआधी गव्हले वळायला बायका बसत, तेव्हा परकऱ्या पोरींनाही रव्याची चिमूट देऊन बसवत. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्यावर गव्हाएवढा दाणा वळायचा. पोरींचे गव्हले अळ्यांएवढे व्हायचे, पण कुणी फेकत नसे. खिरीत सगळेच शिजायचे. आणि नवऱ्या मुलीच्या चुलत्याच्या वाटीत नेमकी अळी यायची.

हे ऐकून माझी बायको टाळी देत म्हणाली, "तीच पेन्सिलीची पकड!" आईंनी टाळी दिली नाही. त्यांनी शाळेची फी विचारली. सांगितल्यावर बराच वेळ बोलल्या नाहीत.

आता खरी गोष्ट अशी, की पालकांनाही हे सगळं माहीत असतं. पोराने करायचं, आपण करायचं नाही, हे त्यांना इतकं पटलेलं असतं, की मोराची शेपटी चिकटवताना ते एकमेकांना सांगत असतात. अडचण एकच आहे. पोराने केलेला मोर मोरासारखा दिसत नाही. तो दिसला नाही तरी चालेल असं शाळा म्हणते, मानसतज्ज्ञ म्हणतात, घरातले सगळे म्हणतात. पण तो मोर उद्या सकाळी शेजारच्या मुलाच्या मोराशेजारी लटकणार असतो, आणि त्या मुलाचे वडील स्थापत्य अभियंते आहेत.

या अभियंत्यांनी एकदा आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करून पाठवला होता. ज्युनिअर केजीसाठी. पातळी नळी लावून. मुलाला विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "हात नको लावू."

शेवटी शाळेलाच लाज वाटली असावी. एका वर्षी सूचना आली: फक्त मुलांनी स्वतः केलेल्या वस्तू आणाव्यात. सुबक वस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत.

आमच्या भागात हाहाकार उडाला. मी दुकान उघडतोय तोवर पायरीवर आया उभ्या. पहिलीच म्हणाली, "काका, जरा वाकडं दिसेल असं काही दाखवा."

धंदा म्हणजे संधी ओळखणं. गेल्या पावसाळ्यात ओल लागून पोचे आलेल्या कार्डशीटचा एक गठ्ठा मी परत पाठवायला बाजूला ठेवला होता. तो पुढे काढला. संध्याकाळपर्यंत संपला. कोरड्या, सरळ कार्डशीटला कुणी विचारेना. कडेने फिकट झालेला घोटीव कागद, टोपण हरवलेली स्केचपेनं, एक डोळा निखळलेले भालू, सगळं 'मुलांनी केल्यासारखं' या सदरात खपलं. एक बाई आर्किटेक्ट होत्या. त्या रडकुंडीला आल्या. "काका, मी कितीदा प्रयत्न केला. सरळच कापलं जातं हो!" त्यांचे यजमान एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी उपाय काढला. दोघं नवरा-बायको रात्री समोरासमोर बसून डाव्या हाताने कापायचे. बाळ आत झोपलेलं.

प्रदर्शनाला परीक्षक म्हणून माझ्या बायकोला बोलावलं. मी पिशवी धरायला. हॉलमध्ये शिरलो आणि मन भरून आलं. चहूकडे माझाच माल. एका सूर्याच्या मागे तर माझं लेबलही होतं.

बायकोने चष्मा लावला आणि टेबलापाशी थांबत थांबत निघाली. शाळेच्या ताई हसऱ्या चेहऱ्याने शेजारी.

"हा गोल कुणी कापला?"

"नर्सरीतल्या मुलाने."

"नर्सरीतलं तीन वर्षांचं मूल कात्रीने नुसते कातरे मारतं. चौथ्या वर्षी रेघेवरून जमेल तसं जातं. गोल कापायला पाच-सहा उजाडतात. आणि ही कड बघा. कापलेली नाही, चघळलीय. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती कागद कापत नाहीत, मध्येच दुमडतात. कापणारा माणूस पस्तिशी-चाळिशीचा आहे, उजखोरा आहे आणि बहुतेक बँकेत आहे."

बँकेचं तिला माझ्याकडून कळलं होतं. पण ताईंचं हसू गेलं आणि मागच्या रांगेतून एक गृहस्थ पाणी प्यायला म्हणून बाहेर पडले.

पुढच्या टेबलावर त्रिकोणी पताका होत्या. "तीन वर्षांचं मूल गोल काढतं. चारला फुली, मग चौकोन. त्रिकोण पाचच्या पुढे. ही वारी सीनिअर केजीची का?" नव्हती. तिसऱ्या टेबलावरच्या घराला डिंक अजिबात दिसत नव्हता. "डिंक न दिसता चिकटवणं मला साठाव्या वर्षी जमत नाही," एवढंच म्हणून ती पुढे गेली. आया भिंतीला टेकल्या होत्या.

आणि मग ती एकदम थांबली.

टेबलाच्या टोकाला एक तपकिरी वस्तू होती. ते घर असावं, किंवा हत्ती. गोंद ओघळून वाळला होता. त्यात एक केस अडकला होता, चिमूटभर चमकी होती आणि बिस्किटाचा तुकडा. आणि सगळीकडे रंगाचे बोटांचे ठसे, बारीक, चिमुकले.

"हे!" बायकोचा आवाज भरून आला. "हे मात्र खरं. बोटं बघा केवढीशी. ये गं बाळ, कुणी केलंस तू हे?"

मुलगी पुढे आली. खोडरबरवालीच. तिने वस्तूकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहिलं.

"आईने."

हॉल शांत झाला. आई पुढे आली. तिला सांगणं भाग होतं. गोंद तिने मुद्दाम ओघळू दिला होता. केस तिचाच. बिस्किट कुस्करलेलं. "आणि ठसे?" बायकोने विचारलं.

"तिचेच आहेत, बाई. देवाशप्पथ." आई खाली बघत म्हणाली. "झोपेत घेतले."

माझ्या डोळ्यांपुढे रजिस्ट्रार कचेरी आली. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग पाकीट उघडून तिने आईला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. मेहनतीबद्दल. आई ते घ्यायला तयार नव्हती, पण प्रमाणपत्र आहे म्हटल्यावर घेतलं.

मग ती मुलीकडे वळली. "आणि तू काय केलंस?"

मुलगी विचारात पडली. "मी फेविकॉलचं झाकण उघडलं."

"तू उघडलंस?"

"आईला उघडत नव्हतं. चिकटलं होतं. मी असं असं केलं." तिने डाव्या हातात हवेतली बाटली आवळून धरली, उजव्या हाताची बोटं तिच्यावर बसवली आणि मनगट पिळलं. जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली.

पहिलं बक्षीस झाकण उघडल्याबद्दल दिलं गेलं. त्यावरून पुढे बरीच बोलाचाली झाली. एक आई म्हणाली, झाकण हा विषयच नव्हता. दुसरी म्हणाली, विषयच असेल तर आधी कळवायला हवं होतं, आमचाही उघडतो. अभियंते म्हणाले, कुठल्या बाटलीचं, किती ग्रॅमची, ते नोंदवून घ्या. ताईंनी चहा सांगितला. बायको खुर्चीवर बसून त्या मुलीला पिशवीची गाठ सोडायला देत होती. पिशवीत आमचा डबा होता आणि गाठ मी मारलेली, त्यामुळे ते काम बराच वेळ चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर रांग. मला वाटलं पोच्या कार्डशीटसाठी असेल. तर पहिल्या बाई म्हणाल्या, "काका, फेविकॉल द्या. झाकण घट्ट बसलेलं."

"सगळी झाकणं घट्टच असतात, ताई. नवा माल आहे."

"नवा नको. जुना. वाळून चिकटलेला."

मागच्या कपाटात तसली दोन खोकी होती. टाकून द्यायची म्हणून ठेवलेली. दुपारी बायको यायच्या आत संपली पाहिजेत, म्हणून मी घाई केली. ती आली असती तर तिने सगळ्यांना लोणच्याच्या बरण्या घ्यायला घरी पाठवलं असतं. खोक्यातली शेवटची बाटली अभियंत्यांनी उचलली. झाकण दोन्ही दिशांनी फिरवून पाहिलं. हललं नाही. समाधानाने मान डोलावली आणि पैसे देता देता हळूच विचारलं,

"काका, घरी मी आधीच जरा सैल करून ठेवलं तर चालेल ना? म्हणजे शाळेत त्याला पटकन उघडेल."